तिसरी बरणी

"तीन बरण्या भर, अम्मा," नुमान म्हणाला आणि माझा हात कढईवरच थांबला.

"सिंगापूरला दोन लागतात."

"या खेपेला जरा लांबतंय."

"सिंगापूर सरकलं काय पुढं?"

तो हसला नाही. माझा लेक माझ्या बोलण्यावर हसला नाही की समजायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आमच्या बाणकोटच्या घरात जहाजावर जाणाऱ्याबरोबर कोलंबीचं लोणचं द्यायचं, दोन महिन्यांना एक बरणी या मापानं. रिकामी बरणी त्यानं स्वतः घरी आणायची. सासूनं हे माप माझ्या हाती दिलं तेव्हा बरण्या सहा होत्या. आता पाच आहेत. नुमान दोन वर्षांचा होता, आम्ही आता राहतो त्याच आखातात तेलाच्या टँकरांवर मारा चालू होता. सहावी बरणी त्याच्या बापाबरोबर गेली.

संशय मला आठवडाभर येत होता, पण सुनेचा. मसूदा नर्स आहे. माझा व्हिसा तिच्या नोकरीवर. हे ती कधी बोलून दाखवत नाही, आणि न बोलणारी माणसंच जास्त खोल असतात. मी खोलीत शिरले की टीव्ही बंद, फोन उपडा. मग कपाटातलं माझं इथल्या रहिवासाचं कार्ड नाहीसं झालं, दोन दिवसांनी आपोआप जागेवर आलं. मी ओळखलं. लांब हमद टाउनच्या वस्तीत घर बघितलं असणार. ही चूल वेगळी मांडणार आणि म्हातारीला बाणकोटच्या विमानात बसवणार. नातीला, आतिकाला विचारलं, तर ती म्हणे, "नथिंग, दादी." इंग्रजीत बोलली म्हणजे आईनं पढवलेली.

जुम्म्याच्या दुपारी नुमान नमाजाला गेला, मसूदा ड्यूटीवर होती. मी त्याची बॅग उघडली. आईला लेकाची बॅग उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. कपड्यांखाली एक पाकीट, पाकिटात कागद. मी चौथी शिकलेली; इंग्रजी येत नाही, पण माझं नि मसूदाचं नाव त्या अक्षरांत कसं दिसतं ते आमच्या कार्डांवर बघून ठाऊक आहे. वर मसूदाचं नाव, खाली माझं, बिल्किस. मागं माझ्या कार्डाची झेरॉक्स टाचलेली. असा कागद मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, नुमानच्या बापाच्या हातात. माणसाचं काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला, त्याचा कागद.

मसूदा घरात आली तशी तो तिच्यापुढं धरला. ती एक बूट काढून तशीच उभी राहिली.

"तुम्हाला सांगू नको म्हणाले होते ते."

"कुठं चाललाय?"

"तैवानला. इथलं ॲल्युमिनियम घेऊन."

"तिथं काय हाय?"

तिनं टीव्ही लावला. आंब्याच्या कोयीसारखं एक बेट, चारी बाजूंनी त्याच्यावर लाल बाण. मग राखाडी लढाऊ जहाजं, आमच्या जुफैरच्या घराच्या खिडकीतून दिसतात तसलीच.

"चीन म्हणतो, बेट आमचं. बेटावरचे म्हणतात, आमचं राज्य आम्ही चालवतो. मग चीन भोवती जहाजं आणून लढाईचा सराव करतो. अमेरिका बेटाला हत्यारं देते. कधी पेटेल सांगता येत नाही. कंपनी म्हणते, ज्याला जायचं नाही त्यानं सही करू नये. उद्यापर्यंत कळवायचंय."

"किती वर्षं वेगळं शिजवतायत ते?"

"पंच्याहत्तरच्या वर झाली."

"आणि थोरला अजून घर एकच म्हणतो?"

माझा थोरला दीर असाच होता. आम्ही चूल वेगळी मांडली तर रोज आमच्या अंगणात येऊन बसायचा. हात उगारायचा नाही, नुसता बसायचा. भाताला कढ येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मसूदा हसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अम्मा, तुम्हाला काय वाटलं होतं?"

"काय नाय."

हमद टाउनचं नाव मी काढलं नाही. पण आठवडाभर तिच्या अंगणात कोण बसलं होतं, ते तिला कळलं असावं.

नुमान आला, टेबलावरचा कागद बघून खुर्चीत बसला.

"सही केलीस?"

"अजून नाय."

"दुसऱ्याला जाऊ दे."

"सात वर्षं ते इंजिन मी सांभाळतोय, अम्मा. दुसऱ्याला त्याचा आवाज कळणार नाय."

"तुझा बाप पण असंच काहीतरी बोलला होता."

त्यानं कागदाची घडी घातली. कानाजवळचे केस पिकलेत त्याचे. मग म्हणाला, "तू नको म्हण. नाय जात."

माझ्या एका शब्दावर तो घरी राहिला असता. आणि मी जन्मभर त्या दिरासारखी त्याच्या दारात बसून राहिले असते.

मी उठले, दोन बरण्या काठोकाठ भरल्या. तिसरी धुऊन, पुसून, रिकामीच फळीवर ठेवली.

"दोनच?"

"दोनच. संपलं की यायचं. झाकण घट्ट लाव, तेल गळतं."

सोमवारी तो गेला. फळीवर तीन बरण्या उरल्या, मध्ये गेलेल्या दोन बरण्यांची जागा मोकळी. संध्याकाळी सामान लावताना मसूदानं साखरेचा डबा तिथं ठेवला. मी काही बोलणार, तोच तिनं तो उचलून खाली ठेवला.