वहीतले शंभर

मी एक जुना तापमापक आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, हा स्वभाव जन्माचा नाही. तो मला तुमच्यासारख्या मुलांच्या वह्यांनी लावला.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. कारागिराने माझ्या काचेत पारा भरला, मला बर्फात बुडवून शून्याची रेघ मारली आणि वाफेत धरून शंभराची. मग कापसात गुंडाळून मी डोंगरावरच्या या शाळेत आलो. प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी मला खोक्यातून काढताना मुलांना सांगितले होते, "नाजूक आहे रे बाबांनो, पण खोटं बोलणार नाही." तेवढे कौतुक मला पुष्कळ वर्षे पुरले.

दरवर्षी आठवीची मुले मला उकळत्या पाण्यात धरत. मी सत्त्याण्णव दाखवी. मुले वाकून बघत आणि वहीत शंभर लिहीत, कारण पुस्तकात शंभर छापलेले होते. काही तर पाणी तापायच्या आधीच लिहून मोकळी होत. तेव्हापासून कोणी माझ्याकडे बघून मान डोलावली, की कुठेतरी पाणी मुरतेय असे मला वाटते.

मग भिंतीवर मोठा पडदा आला. बाईंनी बोट लावले की त्यावर शेगडी पेटे, पाणी उकळे आणि आकडा येई बरोबर शंभर. ना वाफ, ना चटका, ना कोणाचा चष्मा धुरकटे. मला खोक्यात ठेवले गेले. फटीतून मी त्या पडद्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवी. एकदाही न चुकणारे पाणी मी आयुष्यात पाहिले नव्हते. मला त्याचा भयंकर संशय येई आणि, खरे सांगतो, हेवाही वाटे.

एक दिवस पडदा बंद पडला, म्हणून मला बाहेर काढले. वर्गात एक मुलगी होती. सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला शंकासूर म्हणत. तिने वहीत सत्त्याण्णव लिहिले. बाईंनी त्याभोवती लाल गोल केला.

"शंभर हवं. पडद्यावर बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं, बाई. पण इथे सत्त्याण्णवच येतंय. तीनदा बघितलं."

"मग हा बिघडलाय. मामा, याला फुटक्या काचांच्या पेटीत टाका."

फुटक्या काचांत! मी तर अजून धड होतो.

"बाई, आधी तपासून तरी बघा," शंकासूर रडकुंडीला येऊन म्हणाली. "ती नवीन कांडी आहे ना!"

पडद्याबरोबर एक विजेचा तापमापकही आला होता. धातूची कांडी आणि मागे वायर. वर्षभर तो पिशवीतून बाहेरच निघाला नव्हता. बाईंनी वायर लॅपटॉपला जोडली आणि कांडी माझ्याच शेजारी पाण्यात सोडली. हा पडद्याचा भाऊबंद, त्याचीच री ओढणार, याची मला खात्री होती.

नव्वद. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. पाणी खदखदत राहिले, पण आकडा पुढे सरकेना.

बाईंनी चष्मा पुसून आकडा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "आपण उंचावर राहतो. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. पुढच्याच धड्यात आहे. दरवर्षी शिकवते मी."

"मग इतकी वर्षं सगळ्यांच्या वहीत शंभर कसं यायचं?" मामांनी विचारले.

"मी बरोबरची खूण करत होते ना, मामा."

सोनारानेच कान टोचावे लागतात, हेच खरे. आता ती कांडी आणि मी एकाच खणात राहतो. माझा तिच्यावर अजून पुरता विश्वास नाही, म्हणून बाई आम्हा दोघांना एकाच पाण्यात बुडवतात आणि मुलांना दोन्ही आकडे लिहायला लावतात.

मित्रांनो, मला पुसून कापसात ठेवा, कांडीची वायर पिरगाळू नका. आमच्यावर संशय घ्या, हवे तितक्या वेळा तपासा, पण जे दिसले तेच लिहा. शंकासुराच्या वहीतला तो लाल गोल बाईंनी खोडला नाही. त्याच्या शेजारी त्यांनी सहीनिशी लिहिले आहे, 'चूक माझी.'