बुडाशी मारलेली टिचकी

कपबशांच्या दुकानातल्या बाईंना अख्खा बाजार टिचकीबाई म्हणायचा आणि त्याचा त्यांना राग येत नसे. राग कशाला यावा? तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून टिचकी न खाता एक कप बाहेर गेला नव्हता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बाई कप डाव्या हातात अलगद धरायच्या, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने काठाला टिचकी मारायच्या आणि कान द्यायच्या. खण्ण वाजला की कागदात गुंडाळायचा. भद्द वाजला की समजायचं, आत केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. तो कप काउंटरखालच्या टोपलीत जायचा. एकदा भद्द ऐकलं की पुन्हा वाजवून बघायचं नाही, अशी दुकानाची रीत होती.

अशा बाईंना एकावन्नाव्या वर्षी कार्बनच्या सायकलचं वेड लागलं आणि त्याला कारण त्यांची धाकटी जाऊ.

त्याचं असं की दर रविवारी सकाळी पाच-सहा जणांचं टोळकं टेकडीवरच्या मातीच्या वाटेने सायकली काढायचं. त्यात या दोघी जावा. जाऊ बँकेत कॅशियर, वयाने आठ वर्षांनी लहान, अंगाने काटक, आणि तिची सायकलही तिच्यासारखीच. बाईंची सायकल जुनी, लोखंडी, चांगली सतरा किलोंची. माथ्याच्या अलीकडे एक शेवटचा चढ होता. फार नाही, दोनशे पावलांचा, पण नुसती खडी आणि झाडांची मुळं. दर रविवारी बाई अर्ध्यात उतरायच्या आणि ते धूड ढकलत वर पोचायच्या. वर जाऊ पाण्याची बाटली घेऊन उभीच असायची. म्हणायची, "सावकाश या, जाऊबाई. घाई नाही."

तिने शिवी दिली असती तरी चाललं असतं हो. पण हे 'सावकाश' दीड वर्ष ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली होती. एकदा, फक्त एकदा, पाय जमिनीला न लावता तो चढ चढायचा. एवढंच मागणं होतं.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. घरात आणि बाहेर सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. मास्तरांनी हलकी सायकल शोधायचं काम अंगावर घेतलं म्हणजे किती घेतलं! बाजारातला सायकलवाला त्यांना बघून शटर ओढायच्या बेतात यायचा. पण माणूस मनाने चांगला होता, त्याने सगळं उलगडून सांगितलं. पुढच्या चाकाला धक्के जिरवणारा शॉक, मागच्याला काही नाही, ती हार्डटेल. चढाला हीच बरी, कारण पायाचा जोर मागच्या शॉकमध्ये जिरत नाही, आणि तो शॉक नाही म्हणून ती हलकी आणि स्वस्तही. मास्तरांनी ताबडतोब तिचं नाव ठेवलं ताठशेपटी. आता फ्रेम ॲल्युमिनियमची घ्या नाहीतर कार्बनची. नवी ॲल्युमिनियमची खिशाला परवडत होती, पण ती चौदा किलोंची. कार्बनची साडेदहा किलोंची, पण नवी घ्यायची तर खिसा उलटा करूनही पुरं पडणार नव्हतं.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून एकच शंका काढली. आपण टायपिंग करताना कागदाखाली घालायचो तोच ना कार्बन? मग सायकल पावसात भिजली म्हणजे? त्यांची समजूत घालण्यात एक संध्याकाळ गेली आणि तरी त्या म्हणाल्याच की हात काळे होतील, पांढरं नेसून बसू नकोस.

शेवटी सायकलवाल्यानेच वाट काढली. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना आपली तीन वर्षं वापरलेली कार्बनची हार्डटेल विकायची होती, निम्म्याहून कमी किमतीत. उंचीही बाईंच्या मापाची. फक्त एक गोष्ट सायकलवाल्याने बजावली. कार्बन लोखंडासारखा वाकत नाही. आपटला की आतून चिरतो आणि वरचा रंग मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणून जुनी घेताना फ्रेम वाजवून बघायची. टणटणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आत पोकळ झालंय.

हे ऐकून बाई हसल्या. त्यांना कोण शिकवतंय वाजवून बघायला!

शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको दोघं दवाखान्याच्या मागच्या पडवीत पोचली. सायकल बघून बाईंचा जीव तिच्यावर जडला. काळी, मऊ चकाकीची, एका हाताने उचलली तर उचलली गेली. त्यांनी वरच्या नळीपासून सुरुवात केली. टण, टण, टण. डॉक्टर कौतुकाने बघत होते. मग खालच्या नळीवरून टिचक्या मारत त्या पेडलांपाशी आल्या, फ्रेमच्या अगदी तळाशी.

भद्द.

बाईंचा हात थांबला. सवयीने त्यांनी आजूबाजूला टोपली शोधली. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "फुटकी आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. सायकल एकदाही आपटलेली नाही, असं ते म्हणत होते, पण बाईंनी मास्तरांना डोळ्यांनीच चला म्हटलं. मास्तरांनी खिशातलं पाकीट खिशातच दाबलं आणि निघाले.

आता जे सांगतो ते बाईंनी मास्तरांनाही सांगितलं नव्हतं. परतताना त्यांना वाईट वाटलं, पण वाईटाच्या आड थोडं बरंही वाटलं. कारण आजपर्यंत चढ चढला नाही की दोष सतरा किलो लोखंडाचा होता. ही पिसासारखी सायकल घेऊनही अर्ध्यात उतरावं लागलं असतं तर? मग दोष कुणाचा? गुडघ्यांचा, दमाचा, एकावन्न वर्षांचा. त्यापेक्षा सायकलच फुटकी निघाली ते परवडलं. असा विचार आपल्या मनात यावा याची त्यांना इतकी लाज वाटली की रविवारी डोकं दुखतंय म्हणून त्या टेकडीवर गेल्याच नाहीत.

सोमवारी पाचच्या सुमारास दुकानात निवृत्त पोस्टमन आले. त्यांना जाड, ढब्बू मग हवा होता. बाई कागद काढायला वळल्या तेवढ्यात पोस्टमननी तो मग उलटा धरला, त्याच्या बुडावर टिचकी मारली आणि म्हणाले, बाई, तुमच्या दुकानात फुटका माल?

बाईंचा पारा चढला. तीस वर्षांत हजारदा दिलेलं व्याख्यान त्यांनी सुरू केलं. "अहो, बुडाशी टिचकी मारून कप कळतो का कुठे? तिथे माती जाड असते. बुडाशी सगळेच मुके. चांगला मालसुद्धा तिथे भद्दच..."

आणि त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या.

पेडलांपाशी, अगदी तळाशी. सगळा भार जिथे येतो तिथे फ्रेम जाड नसेल तर काय पातळ असेल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! बाईंनी तो मग पोस्टमनच्या हातात कोंबला, पाच मिनिटं दुकान बघा म्हणाल्या आणि चपला अडकवून बाहेर पडल्या. वाटेत मास्तरांना पाकीट घेऊन यायला फोन केला आणि सायकलवाल्याला पाना हातात असतानाच उठवलं. त्याने आणखी एक बातमी दिली. सहा वाजता दुसरं गिऱ्हाईक सायकल बघायला येणार होतं.

साडेपाच वाजले होते. डॉक्टर पेशंटचे दात बघत होते. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. चुकलं असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. डॉक्टर बाहेर आले तशा त्या एका दमात म्हणाल्या, "मी तुमच्या सायकलला फुटकी म्हटलं. चुकलं माझं. मी चुकीच्या जागी वाजवली."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "आम्हीही दात ठोकून बघतो, बाई. पण शेजारचा दात ठोकल्याशिवाय निदान करत नाही."

बाईंना हे चांगलंच लागलं आणि पटलंही. त्या पडवीत गुडघ्यांवर बसल्या. पेडलांपाशी डाव्या बाजूला टिचकी मारली, भद्द. उजव्या बाजूला, भद्द. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. दोन्हीकडे तोच आवाज. मग मागच्या दोन्ही दांड्या, सीटखालची जागा, हँडलखालचा जोड, सगळीकडे डाव्याला उजवं जुळवून बघितलं. सायकलवाल्याने सीट उपसून आत बॅटरी मारली आणि मान डोलावली. जाड आहे, चिरलेली नाही. सहा वाजता दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा मास्तर पाकीट रिकामं करून सायकलच्या सीटवरून रुमाल फिरवत होते. सासूबाईंनी रात्री हँडलवरून पदराचं टोक फिरवून बघितलं. काळं झालं नाही, तेव्हा कुठे त्या निवांत झोपल्या.

मग रविवार आला. टेकडीच्या पायथ्याशी सगळ्यांनी सायकलचं कौतुक केलं, जाऊनेही केलं. बाई कसनुसं हसल्या. आता सबब संपली होती. आज उतरावं लागलं तर ते त्यांचं उतरणं होतं.

शेवटचा चढ आला. जाऊ नेहमीसारखी पुढे गेली. बाईंनी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मान खाली घातली. पुढचं चाक मुळांवरून अलगद जात होतं, मागचं मात्र प्रत्येक दगडाला एक रट्टा देत होतं, ताठशेपटीच ती. ज्या वाकड्या झाडापाशी त्या दीड वर्ष उतरत आल्या होत्या ते झाड आलं. छाती भात्यासारखी चालत होती. पाय म्हणाले उतर. बाई म्हणाल्या, थांबा मेल्यांनो, अजून एक फेरा. मग अजून एक. झाड मागे गेलं. मग कधीतरी चाकाखालची खडी संपली आणि सपाट माती लागली.

जाऊ तिथे बाटली घेऊन उभी होती. मग ती जवळ आली, बाईंच्या हेल्मेटवर एक टिचकी मारली आणि बाईंसारखाच कान दिला.

"खणखणीत आहात, जाऊबाई," ती म्हणाली.

बाईंचे डोळे भरले, आणि ते घामाने असं त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. त्या मटकन दगडावर बसल्या. जाऊने आता गमतीने त्यांच्या गुडघ्याकडे बोट नेलं, तशी बाईंनी घाईघाईने दोन्ही हातांनी गुडघे झाकले.

"तिथे नको हं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तिथे चांगला मालसुद्धा भद्द वाजतो."