गालातला कापूस

मी खुर्ची बोलतेय. शहागंजातल्या रामकिसन फोटोवाल्याच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढं, मी चाळीस वर्षं काढली. सागवानी, उंच पाठीची, हातांवर वेलबुट्टी. निजामाच्या एका अंमलदारानं मला हौसेनं घडवून घेतलं होतं. पोलीस ॲक्शननंतर तो हैदराबादेकडं निघून गेला, घरातलं सामान विकलं गेलं आणि रामकिसननं मला हातगाडीवर घालून आणलं.

माझ्यावर बसली की माणसं बदलतात. दारातून वाकत आलेला ताठ होतो. पोट आत जातं, घड्याळाचा हात पुढं येतो. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहतात. रामकिसन या कामात वस्ताद. बुटक्याच्या पायाखाली वीट, टकल्याला फेटा, तिरळ्याला "खिडकीकडं बघा". "हनुवटी जरा खाली. हां, आता साहेब दिसताय," असं तो म्हणायचा, आणि माणूस खरंच साहेब दिसायचा.

पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात एक दिवस खुलताबादकडच्या वाडीवरून मल्हारराव आले. मेंढरं विकून त्यांनी थोडी जमीन केली होती. बरोबर बायको बानाबाई आणि सतरा-अठरा वर्षांची लेक कस्तुरा. कस्तुराची सोयरीक शेंद्र्याच्या एका घरात ठरत आली होती.

कस्तुरा आरशापुढं केस नीट करत होती, तेवढ्यात बानाबाईंनी रामकिसनला माझ्यामागं बोलावलं.

"पाव्हण्यांच्या कानावर कुनीतरी घातलंय, पोरीचा बाप क्षयाचा हाय म्हणून. साऱ्या घराचा फोटू मागितलाय त्यांनी. ह्यांना धडधाकट दाखवा, भाऊ. पोरीला ठावं नाय. तिला हिवताप म्हणून सांगितलंय."

मल्हारराव बसले, पण माणूस बसल्यासारखं मला वाटलंच नाही. रिकामं पोतं टेकवावं तसं. सदऱ्यातून अंगातला ताप तेवढा लागत होता. रामकिसननं त्यांना आत आणखी एक सदरा घातला, वर स्वतःचा कोट चढवला, फेटा रुंद बांधला. मग खोल गेलेल्या गालांकडं बघत तो जरा थांबला. कापसाचे दोन बोळे करून त्यानं ते गालांत बसवले. गाल भरले.

बानाबाई बघतच राहिल्या. "लग्नाच्या टायमाला असेच व्हते," त्या हळूच म्हणाल्या.

मायलेकी दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. रामकिसननं कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या झाकणावर हात ठेवला. "तीन मोजेपर्यंत श्वास धरा. हलायचं नाही."

एक. झाकण निघालं, मल्हाररावांची बोटं माझ्या हातांत रुतली.

दोन. त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली. माझ्या पाठीला ती कळत होती, समोर रामकिसनला काही दिसत नव्हतं.

तीन. झाकण बसलं आणि खोकला फुटला. कापूस घशाकडं सरकला. डोळे फिरले, पाय झाडू लागले. कस्तुरानं बापाचं तोंड धरलं, आत बोटं घातली आणि बोळे ओढून काढले.

तिच्या तळहातावर ते लालभडक होते.

त्यांचा श्वास परत लागला. मग ती म्हणाली, "आये, ह्यो हिवताप नाय."

बानाबाईंनी मान खाली घातली. "दीड महिन्याचा तर सवाल हाय. लगीन हुंदे, मग दवाखान्यात नेऊ. आत्ता नेलं तर गावभर व्हईल."

"दीड महिना आबा राहत्यात का?"

"राहतो की," मल्हारराव कसेबसे म्हणाले. "तुझं लगीन बघूनच जाईन."

"बघून जानारा बाप नको मला."

तिनं रामकिसनकडं वळून विचारलं, "फोटू निघाला का?"

"निघाला. लई झकास." ज्या काचेवर फोटो उमटला, तिची लाकडी पेटी त्यानं छातीशी धरली होती.

"आन निघू नये म्हणलं तर?"

"काचेला उजेड लागला की सारं गेलं."

तिनं हात पुढं केला. "दिऊ नका, भाऊ," बानाबाई म्हणाल्या. रामकिसननं मल्हाररावांकडं बघितलं. माझ्या हातांवरची ती पकड किती वेळ तशीच होती, मला सांगता येणार नाही. मग एकेक बोट सुटत गेलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

कस्तुरानं पेटी दारात नेली, काच ओढून बाहेर काढली आणि भर उन्हात धरली. बानाबाई तोंडात पदर कोंबून खाली बसल्या, माझ्या पायाला टेकून. त्यांचे हुंदके माझ्या लाकडात शिरत होते.

तिथूनच टांग्यानं ती तिघं सरकारी दवाखान्यात गेली. पुढचं मला रामकिसनच्या बोलण्यातून कळलं. शेंद्र्याची सोयरीक मोडली. 'क्षयाच्या घरची' म्हणून नंतर कस्तुराला कोणी विचारीना. मल्हारराव सव्वा वर्ष दवाखान्यात होते, सुया घेत. लेक उशाशी राहिली, तिथंच आधी आया झाली आणि मग तिनं नर्सचं शिक्षण घेतलं. सातव्या वर्षी दवाखान्यातल्याच कंपाउंडरशी तिचं लग्न झालं.

लग्नाच्या फोटोला सगळी आली. मल्हारराव बसले आणि मी करकरले, एवढं वजन होतं. गाल मात्र तसेच आत गेलेले, ते काही भरून आले नव्हते. बानाबाईंनी रामकिसनला हळूच खुणावलं. मल्हाररावांनी ते बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आता हेच माझं तोंड हाय."

रामकिसन जाऊन वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आहे आणि मी फळीवर, मोडक्या पायाला तार गुंडाळून पडलेय. खाली पोरंपोरी हात उंच करून आपले फोटो काढतात, आवडला नाही की पुसतात, परत काढतात. काढा बापड्यांनो, छान दिसावं असं कोणाला वाटत नाही? फक्त घरच्या थोरल्या माणसाला मधे बसवाल, तेव्हा आधी त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवून बघा. त्याला खोकला आला तर खोकू द्या. फोटो काय, थांबतो.