मधला गडवा

दवाखान्यातल्या लोकांना पहिले दोन दिवस वाटलं, ही बाई डोक्यानं गेलेली आहे. गोंदियाच्या त्या मरदाना वार्डात, खिडकीजवळच्या खाटेपासून चार हात दूर, ती भिंतीला टेकून बसायची. पदर असा खाली ओढलेला की हनुवटीसुद्धा दिसू नये. आणि बोलायची ती स्टुलावर ठेवलेल्या पितळी गडव्याशी. गडवाही काही नवा नव्हता, पोटाला एका बाजूनं चेपलेला. पण रोज सकाळी ती तो नळावर लख्ख घासायची, काठोकाठ भरायची आणि खाटेशेजारी आणून ठेवायची.

"गडव्या, त्याइले सांग, पेज थंडी होऊन राहिली."

खाटेवरचा माणूस, उजवा हात आणि उजवा पाय प्लास्टरमध्ये, छताकडे बघत म्हणायचा, "गडव्या, तिले सांग, भूक नाही."

"गडव्या, डाक्टरनं सांगतलं हाये. खाल्ल्याबिगर हाड जुळत नाही."

"बरं. ठेव म्हणा."

मग ती उठायची, पेजेची वाटी गडव्याला लागून ठेवायची आणि मागे सरायची. ती पुरती मागे गेली की तो डावा हात लांबवायचा. शेजारच्या खाटेवर छोटेलाल नावाचा, गोंदियाचाच, बिडी कारखान्यातला मुकादम मोडलेली तंगडी टांगून पडला होता. तो हसून हसून बेजार. "वाह भई! ये लोटा तो तहसीलदार हो गया. दोनों पार्टी इसी के सामने पेश होती हैं!"

हसू द्या. छोटेलाल शहरचा, त्याला काय कळणार! खाटेवरचा कवडू हा प्रेमिलाचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आणि आमच्या सौंदडकडच्या घरांत सून एक वेळ वाघासमोर उभी राहील, भासऱ्यासमोर नाही. त्यानं तिचं तोंड पाहायचं नाही, तिनं त्याच्याशी बोलायचं नाही, चुकून पदराचा वारा लागला तरी दोघांनी आंघोळी करायच्या. तो अंगणात बसला असेल तर तिनं बांगड्या वाजवत यायचं, म्हणजे तो मुकाट तोंड फिरवतो. बोलण्यावाचून अडलंच तर मध्ये कोणीतरी हवं. सासू असली तर सासू, नाहीतर गाय, नाहीतर उखळ. नऊ वर्षं एका चुलीवरचं जेवून या दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिला नव्हता. दवाखान्यात गाय कुठून आणणार? गडवा होता.

मग अशा बाईला सेवेला धाडलंच कशाला, असं कोणीही विचारेल. त्याला कारण होतं.

छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणून गोंदियात मिठाई वाटली होती, त्याला महिनाही झाला नसेल. धान कापून झालं होतं, चुरणं म्हणजे मळणी अर्धीच झाली होती. झालेल्या धानाची पोती भरून दोघं भाऊ बंडी बाजाराला काढत होते. घरामागच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कवडू पुढे बैलांचा कासरा धरून, धाकटा सुखराम मागे चाकाला खांदा लावून. पाळ ओली होती. खचली. बंडी उलटली. कवडूला ओढून काढलं तेव्हा तो बेशुद्ध होता, हात मोडलेला, मांडी मोडलेली. सुखरामला काढलं तेव्हा तो शुद्धीत होता. त्यानं पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत काही थांबला नाही.

सुखराम म्हणजे प्रेमिलाचा नवरा.

शेजारच्या पतिरामनं कवडूला रेल्वेत घालून, पाण्याला घरचा गडवा सोबत घेऊन, गोंदियाला नेलं. तिथं ताप चढला, तो उतरेना. डॉक्टर पतिरामला म्हणाले, "भाई का अभी मत बताना. पहले ये अपने पाँव पर खड़ा हो जाए. ऐसी हालत में आदमी जीना छोड़ देता है." पतिरामनं पंधरा दिवस काढले. त्याचंही धान चुरायचं पडलं होतं, किती दिवस बसणार बिचारा. आता दुसरं कोण जाणार, हा प्रश्न आला तेव्हा धुरपता म्हातारी, दोघा भावांची आई, सुनेला म्हणाली, "तूच जा व पोरी."

प्रेमिलानं नुसतं वर पाहिलं.

"मी गेली त माया थोबाडावरच दिसल त्याले. गावातलं कोणी बी गेलं त दिसल. तुयं त्वांड त्यानं कधी पाह्यलं हाये? पदराखाली कपाळ लाल हाये का पांढरं, कोण पायते? झाकली मूठ सव्वा लाखाची. एक पोरगा गेला माया. दुसरा उभा राह्यला पायजे."

म्हातारीचं डोकं भारी चाललं. पोटच्या पोराचं सुतक फिटून दिवस नाही झाला, आणि हा हिशेब तिला सुचला. आईच ती.

"बरं," प्रेमिला म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणत होती. कुंकू पुसलं, बरं. बांगड्या फोडल्या, बरं. तेरवीच्या पंगतीत वाढ म्हणाले, बरं. बायका पाठीवर हात फिरवून सांगत, "रड व माय, रडून घे, नाहीतर ऊर फुटल." पण रडू आलंच नाही. रोवणीत दिवसभर चिखलात उभं राहिलं की पाय बधिर होतात, आपलेच की दुसऱ्याचे कळत नाही, तसं तिचं सारं अंग होऊन गेलं होतं. आणि पाय तरी चुलीपाशी शेकले की परत येतात.

ती आली तेव्हा कवडू पहिल्यांदाच नीट शुद्धीवर होता. वार्डाच्या दाराशी थांबून ती खाकरली. कवडूनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाला, "स्टुलावर काय हाये, गडवा? गडव्या, तिले विचार, सुखराम काऊन नाही आला?"

खोटं तयार होतं, गाडीत बसल्यापासून ती तेच घोकत आली होती. "गडव्या, सांग त्याइले, ते घरी कामात हायत. धानाचे पुंजणे तसेच पडून हायत सारे."

"बरं."

दुसऱ्या दुपारी परत तेच. सुखराम काऊन नाही आला? तिसऱ्या दुपारी परत. आता रोजरोज पुंजणे किती दिवस पुरणार? तिनं बोलता बोलता धान चुरून टाकलं. मग सुखरामनं बैलांच्या कोठ्याची पडकी भिंत लिंपायला घेतली. मग लाल गोऱ्हा औताला जुंपून पाहिला. त्या गोऱ्ह्यानं लाथ मारली.

"मांडीवर हानली, गडव्या. ही एवढी सूज. हळद लावून बसले हायत अन् गोऱ्ह्याच्या मायबापाले शिव्या देऊन राहिले."

कवडू हसला. खरंच हसला, प्लास्टरमधला हात हलला इतका. "गडव्या, तिले सांग, त्या गोऱ्ह्याच्या डाव्या अंगानं नाही जायचं. शंभर खेपा सांगतलं त्याले मी!"

"बरं म्हणा."

एरवी तिला काही वाटत नव्हतं. व्हरांड्यात तीन विटांवर पेज शिजवावी, कपडे धुवावेत, भिंतीला टेकावं. कोणी जेव म्हटलं तर जेवावं. दिवस उगवायचा, मावळायचा, तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण दुपार व्हायची वाट ती पाहायला लागली, हे खरं. मेलेल्या माणसाच्या अंगाला हळद लावते, पाप लागेल का मला, असं एकदा मनात आलं. आलं आणि गेलं. त्या घटकेत तिचा आवाज तिला स्वतःचा वाटायचा, एवढं तिला पुरे होतं.

आणि एक दिवस कवडूनं विचारलं नाही.

दुपार टळली. दुसऱ्या दिवशीही नाही. ती घाबरली. ताप परत आला का? भावावर रागावला का? की कोणी सांगितलं? तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही, न विचारताच ती बोलली, "गडव्या, सांग त्याइले, गोऱ्हा आता औताले चालून राहिला."

कवडूनं तोंड भिंतीकडे केलं. "हूं," म्हणाला.

तेव्हापासून असंच चाललं. तो विचारायचा नाही, ती सांगायची, तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा.

संक्रांत झाली आणि पायाचं प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला तो सुकलेल्या फांदीसारखा. डॉक्टर म्हणाले, "आज खड़ा होना है. आज से रोज़. नहीं तो ये घुटना ज़िंदगी भर ऐसा ही रहेगा." डाव्या हातात काठी दिली. वार्डाचा माणूस दुसऱ्या रोग्याला घेऊन गेला होता. डॉक्टरांनी प्रेमिलाकडे बोट केलं. "बाई, इधर आओ. कंधा दो इनको."

प्रेमिला जागची हलली नाही.

"क्या हुआ? घर की हो ना?"

"डाक्टर साब," छोटेलाल मध्ये पडला, "वो छू नहीं सकती. जेठ लगता है उसका."

"तो जेठ को लंगड़ा रखना है क्या!" डॉक्टर भडकले आणि वार्डाच्या माणसाला हाका मारत बाहेर गेले.

कवडूनं काठी टेकली. "गडव्या, तिले सांग, दूर राह्य. मी आपला उठतो." ओठ आवळून तो उठला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं, आणि गुडघा मेणाचा असल्यासारखा वाकला.

प्रेमिलानं काही ठरवलं नाही. ठरवायला वेळ कुठे होता? तिचा खांदा त्याच्या काखेत होता, काठी खडखडत दूर गेली होती, आणि त्याच्या डाव्या पंजात तिचं मनगट होतं. नुसतं मनगट. पदर खांद्यावरून खाली लोंबत होता. कपाळ, गळा, हात, सगळं भर दुपारच्या उजेडात उघडं. सासूची सव्वा लाखाची मूठ गेली कामातून. आता हा कोसळतो, असं म्हणून तिनं पाय रोवले.

कवडू कोसळला नाही. तिनं वर पाहिलं. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"पाह्यलं नाही मी," तो म्हणाला. गडव्याला नाही, तिला म्हणाला. "पायची गरज बी नाही. मले पहिल्याच दिसी समजलं."

"कोनं सांगतलं?"

"खाकरून आली तू. नऊ सालं बांगड्या वाजवत येस. तुयं त्वांड थोडी ओळखतो मी, बांगड्याच ओळखतो."

प्रेमिलाला तिचाच आवाज ऐकू आला, गडव्याशिवायचा. "मंग रोज काऊन विचारत होतेत जी?"

"तू सांगून राहिली होती ना. भिंत लिंपली म्हणे, लाथ खाल्ली म्हणे. मले वाटे, राहू दे, आजचा दिस आणखी राहू दे त्याले." त्यानं पाऊल सावरलं. "मंग नाही सोसलं. बंद केलं. त तूच सांगाले लागली."

तिनं खांदा नीट लावला.

"चाला," ती म्हणाली. "डाक्टरनं दारापावत सांगतलं हाये."

आणि कवडू चालला. डोळे मिटूनच चालला. उजवीकडे व्हा, खाट हाये, असं ती सांगत होती आणि आंधळ्यासारखा तो पाय टाकत होता. दारापर्यंत अकरा पावलं, परत अकरा. खाटेवर बसवून, मागे सरून तिनं पदर ओढेपर्यंत त्यानं पापणी उघडली नाही.

दिवस कलला, खिडकीतून उन्हाची पट्टी स्टुलावर आली, तेव्हा कवडू छताकडे बघत म्हणाला, "गडव्या. तिले विचार, सुखराम काऊन नाही आला."

प्रेमिलानं गडव्याकडे पाहिलं. त्याच्या चेपलेल्या पोटाकडे ती पाहतच राहिली.

"गडव्या," ती म्हणाली, "त्याइले सांग..." पुढचं येईना. तिनं परत सुरुवात केली. "सांग, ते नाही येत आता. पाळीवर गेले ते. पाणी मांगतलं त्याइनं. मी घरून हाच गडवा भरून धावली जी. पाळीपाशी ठेच लागली, हातचा सुटला, सारं सांडलं. परत भराले तलावात उतरली. वर आली त..." आणि तिचं ऊर फुटलं. "पोचली नाही मी जी! पोचली नाही!"

ती रडली ती कशी, ते सांगता येत नाही. जमिनीवर कपाळ टेकून, मोठ्यानं, पदराची शुद्ध न राहता. नर्स धावत आली तर छोटेलालनं हात आडवा केला. "रोने दो, सिस्टर. आज ही आया है बेचारी को."

कवडू तोंड फिरवून पडला होता. त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं डावा हात लांबवला, तिनं सकाळी भरून ठेवलेला गडवा उचलला, आणि त्यातलं पाणी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं.