नाकशेठची पाटी

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या, तिथपर्यंत माझा आवाज पोचायचा नाही. आज एका गादीवाल्याची गोष्ट सांगतो. ऐकायला गोड नाही हो. तिच्यात घाम आहे, पू आहे, परक्यांचे केस आहेत, आणि या सगळ्याहून घाण असं एक वाक्य आहे, तीनच शब्दांचं. नुकते जेवून आला असाल तर पोटावर हात ठेवा. पण उठून जाऊ नका. शेवटी एक आजी येणार आहेत, आणि त्या तुम्हाला भेटल्याशिवाय मी कोणाला सोडणार नाही.

तर हा गादीवाला आधी दुसऱ्याच्या कारखान्यात गाद्या भरायचा. कारखाना मोठा, मालक त्याहून मोठा. मागच्या दाराने जुन्या गाद्या यायच्या, पुढच्या दाराने नव्या जायच्या. मधे काय व्हायचं ते पुढच्या दाराने येणाऱ्याला कोणी दाखवत नसे. लहान मुलांनी ओल्या केलेल्या गाद्या, आजाऱ्यांनी महिनोन्महिने अंगाखाली घातलेल्या, मेलेल्याखालून ओढून काढलेल्या, सगळ्या एकाच ढिगात. सुरीने पोट फाडलं की आतून पिवळा, गोळे झालेला, चिकट कापूस निघे. कधी त्यात नखं, कधी वेणीतून तुटलेला केसांचा पुंजका, कधी जखमेवरची पट्टी, वाळून खपलीसारखी कडक झालेली. एकदा उंदराची पिल्लं निघाली, गुलाबी, डोळे न उघडलेली. सगळं यंत्रात. यंत्र बिचारं, त्याला पिंजायचं तेवढं माहीत. एका तोंडाने नरक आत, दुसऱ्या तोंडाने राखाडी ढग बाहेर. मग वर पांढरी पावडर, तिच्यावर सुगंध, आणि सगळ्यावर फुलाफुलांची कोरी खोळ.

"एकदम नवी!" म्हणून मालक गादीवर थाप मारायचा. त्या थापेसरशी टाक्यांतून बारीक धूळ उडायची, आणि गिऱ्हाईक ती हसतमुखाने छातीत भरून घ्यायचं.

आपला गादीवाला नाकावर दुहेरी फडकं बांधून काम करायचा. बाकीचे कामगार त्याला चिडवायचे, "काय नाकशेठ, आज कुठला वास चालेल आपल्याला?" तेव्हापासून त्याचं नाव नाकशेठ.

एके दिवशी एक उशी फाडली आणि तिच्यातून दातांची कवळी निघाली. अख्खी, वरच्या जबड्याची, हिरवट झालेली. नाकशेठने ती चिमटीत धरून मालकाला दाखवली. मालक पाहून हसला. म्हणाला, "धुऊन ठेव रे, कोणाला तरी बसेल."

नाकशेठ तिथेच ओकला. मालकाच्या बुटांवर. पोटातलं सगळं बाहेर आल्यावर त्याने फडकं सोडलं, तोंड पुसलं, ते त्या बुटांवर टाकलं आणि घरी आला.

बायको म्हणाली, "बरं झालं. रोज तुमच्या डोक्यातून अनोळखी लोकांचे केस विंचरून काढायचा मला कंटाळा आला होता."

"आता आपणच दुकान काढू," तो म्हणाला. "स्वतःचं. गादीत काय भरायचं ते मी ठरवणार. कोणाच्या बापाचं ऐकणार नाही."

मालक होणं म्हणजे त्याला एवढंच वाटत होतं: आपल्या नाकाचं ऐकायची मोकळीक.

घरात होतं नव्हतं ते घालून दोघांनी लोखंडी शटरची एक खोली घेतली. एक जुनं पिंजायचं यंत्र आणलं आणि ते तीनदा धुतलं. तो कापूस निवडायचा, पिंजायचा, भरायचा. ती दाभणाने टाके घालायची. आणि गादी पूर्ण झाली की नाकशेठ चपला काढून तिच्यावर आडवा व्हायचा, गाल खोळीला लावून, डोळे मिटून, सावकाश श्वास घ्यायचा. मगच गादी दुकानाबाहेर जायची. एक दिवस रंगाऱ्याकडून त्याने पाटीच करून घेतली: "आधी मी झोपतो, मग तुम्ही."

लोकांना गंमत वाटायची. एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, गादी माझी आणि झोपताय तुम्ही?"

"दोन श्वास घेतो फक्त."

"घ्या, घ्या. माझ्या बायकोला तेवढं कळू देऊ नका, म्हणेल वापरलेली आणली."

गिऱ्हाइकं हसायची, गाद्या चांगल्या आहेत म्हणायची, पण एकदा घेतली की चांगली गादी काही पुन्हा लवकर लागत नाही. दुकान चालत होतं ते लंगडतच.

अशात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. इस्त्रीचा शर्ट, हातात सदा फोन, काहीही कोणालाही विकू शकणारा. आल्या आल्या म्हणाला, "दाजी, पेढी उघडलीत की मठ? असं एकेक गादीवर ध्यान लावून धंदा होतो का?"

त्याने ऑर्डर आणली होती. गावाबाहेर निराधार म्हाताऱ्या बायकांचा एक आश्रम होता. तिथे चाळीस गाद्या हव्या होत्या, आणि लवकर हव्या होत्या. नाकशेठ हरखला. मग भाव कळला.

"या भावात कापूससुद्धा येत नाही रे."

"नवा येत नाही. मी आणलाय ना." मेहुण्याने बाहेरच्या टेम्पोकडे बोट केलं. "पिंजून तयार. पोती उघडायची, भरायची."

नाकशेठने एका पोत्याचं तोंड सोडलं. आत राखाडी ढग होता. त्याने हात मागे घेतला. हा कापूस त्याच्या ओळखीचा होता. तो ज्या कारखान्यातला, तोच त्याने मालकाच्या बुटांवर ओकून सोडला होता.

"दाजी, तोंड कशाला वाकडं करता? म्हाताऱ्या आहेत त्या. अर्ध्यांना वास येत नाही, उरलेल्यांना सांगायचं कोणाला ते कळत नाही. नाक नोकराने बाळगावं. मालकाला पोट असतं. ही ऑर्डर घेतली नाहीत तर शटर पाडून पुन्हा त्याच मालकाकडे जायची वेळ येईल, आणि तो आता बूट पुसायला लावेल."

तेच भय होतं हो. परत जाण्याचं. त्या भीतीने त्याचं नाक बंद केलं. आणि बघा, नोकर होता तेव्हा घाण दुसऱ्याची होती, फडकं बांधून तिच्यापासून चार बोटं लांब राहता येत होतं. आता पोतं त्याच्या दुकानात, हात त्याचे, पाटी त्याची. त्याने पेटीतून दुसरं एक फडकं काढलं आणि नाकावर बांधलं. स्वतःच्या दुकानात पहिल्यांदा.

बायको टाके घालत राहिली. एक शब्द बोलली नाही. चाळीस गाद्या झाल्या आणि नाकशेठ एकीवरही आडवा झाला नाही.

आश्रमात गाद्या उतरवल्या. व्यवस्थापिका बाई कडक पण सज्जन. म्हणाल्या, "तुमची पाटी वाचली मी, म्हणूनच तुम्हाला काम दिलं. झोपा बरं."

"आता? इथे?"

"लाजता काय? सगळ्यांवर नको. ही खिडकीजवळची घ्या."

म्हाताऱ्या गोळा झाल्या. कोणी काठी टेकत, कोणी एकमेकींना धरून. फार दिवसांनी काही बघायला मिळालं होतं त्यांना. "अगं, झोपतोय बघ!" "टाचा फुटल्यात गं त्याच्या." "गप, ऐकेल." खिडकीवाल्या आजी, ज्यांची ती गादी, अगदी उशाशी उभ्या राहिल्या.

मेहुण्याने मागून कोपर मारलं. नाकशेठ आडवा झाला. गाल खोळीला लागला.

आधी पावडरीचा गोड वास आला. मग पावडर हरली. खालून तो वर आला: जुना, ओलसर, कोणाच्या तरी न उतरलेल्या तापाचा, मानेच्या मळाचा, बंद खोलीत झाकून ठेवलेल्या भांड्याचा. खोळीच्या विणीतून एक ताठ केस निघाला आणि त्याच्या ओठांना लागला. घशाशी आंबट आलं. त्याने ते गिळलं. डोळे उघडले तर वर सगळे सुरकुतलेले चेहरे, आशेने वाकलेले.

"गादी चांगली आहे," तो म्हणाला.

हेच ते तीन शब्द. कवळी निघाली तेव्हा देवाने त्याच्या पोटाला ओकायची बुद्धी दिली. आज पोट तयार होतं, यानेच दात आवळून धरले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून त्याला अन्न जाईना. घासाघासाला ताटात बोटं फिरवायचा.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"केस."

"माझा नाही, तुमचा नाही. मग कोणाचा शोधताय?"

तो उठला आणि गाल धुवायला लागला. साबणाने घासून घासून गाल लाल केला होता त्याने. ती मागे येऊन उभी राहिली.

"टाके मी घातलेत. मला वास आला नसेल असं वाटतं तुम्हाला? मी वाट बघत होते. म्हटलं, यांना नाक आहे, हे आज बोलतील, उद्या बोलतील. शेवटी माझीच मला किळस आली. आता माझ्या हातचं जेवायचीही सक्ती नाही तुमच्यावर. मलाच जात नाही."

सकाळी त्याने टेम्पो ठरवला आणि आश्रम गाठला. व्यवस्थापिका बाईंना सगळं सांगितलं, पोत्यांसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून आलो."

"सगळ्या बदलून द्याल?"

"देईन. एकदम जमणार नाही. पण प्रत्येकीवर झोपून देईन."

"झोपून तर ही पण दिली होतीत," त्या म्हणाल्या. तो मान खाली घालून गाद्या काढायला लागला.

एकेक गादी खाली आणली. म्हाताऱ्या कुरकुरत जुन्या सतरंज्यांवर बसल्या. खिडकीवाल्या आजी मात्र गादीवरून उठेनात.

"आजी, उठा. तिच्यात घाण आहे."

"ठाऊक आहे. पाठ टेकली आणि कळलं. कोणीतरी बरंच आजारी होतं हिच्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

आजींनी त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, आपल्या लेकराला बघावं तसं. "तू एवढा आडवा झालास, गाल लावलास, म्हणालास चांगली आहे. मला वाटलं, बिचाऱ्याला देवाने नाकच दिलेलं नाही. आंधळ्याने रंगाचं दुकान काढावं तसं झालं असेल. नवा धंदा दिसत होता तुझा. इतक्या जणींसमोर कशाला तुझी फजिती करायची? म्हटलं, होईल सवय."

नाकशेठ खाली बसला. गादीच्या कडेला, त्या घाणीला टेकून. मालकाच्या हसण्याने तो ओकला होता. या दयेपुढे त्याला ओकताही येईना. घाणीवर निजून ती बाई त्याची अब्रू झाकत होती, आणि त्याने तिला तीच घाण खोळ चढवून विकली होती.

"मला नाक आहे, आजी," तो म्हणाला. "सगळे मला नाकशेठ म्हणतात."

"अरे देवा," आजी म्हणाल्या. एवढंच. आणि मग त्या उठल्या.

दुकानात मेहुणा वाट पाहत होता. "दाजी, वेड लागलंय तुम्हाला. बरं, झालं ते झालं. हा कापूस परत त्या कारखान्यात देऊ. घेतील ते."

"घेतील, आणि भरतील. दुसऱ्या कोणाच्या तरी अंगाखाली."

"आपल्या नाही ना?"

नाकशेठने सुरी उचलली. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याने गाद्या फाडून ढीग रचला आणि काडी लावली. जळक्या केसांचा, पिकलेल्या जखमांचा असा वास उठला की अख्खी गल्ली खिडक्या लावून शिव्या द्यायला लागली. मेहुणा शर्टाची बाही नाकावर धरून निघून गेला. नाकशेठ आणि बायको तिथेच उभे राहिले, नाकावर काही न बांधता, शेवटचा धूर निघेपर्यंत. मग दोघंही कोपऱ्यात जाऊन ओकली, आणि घरी येऊन भरपेट जेवली.

नव्या कापसासाठी यंत्र विकावं लागलं. वेताच्या काठ्यांनी दोघं कापूस झोडपायची, पिंजायची. पाटी त्याने उतरवली. गादीवर झोपून बघणं सोडलं नाही. एक गादी झाली की एक पोचवायची. खिडकीवाल्या आजींनी बजावलं होतं, "माझी शेवटी आण. मला सतरंजी चालते."

शेवटी आजींची गादी आली. खाटेवर घातली आणि नाकशेठ चपला काढू लागला.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "या वेळी आधी मी."

त्या आडव्या झाल्या. गाल खोळीला लावला, डोळे मिटले.  नाकशेठ हात बांधून उभा. आता आजींच्या तोंडातून काय निघतं याची तो वाट बघत राहिला. आजी काही बोलेनात. तो वाकला, जवळ गेला.

आजी घोरत होत्या.

त्याने चपला हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता बाहेर पडला.

झाली गोष्ट. आता घरी जाल, अंग टाकाल. उशीवर गाल ठेवाल तेव्हा त्या आजींना आठवा, सतरंजीवर बसून सगळ्यांच्या मागे थांबलेल्या. आणि उद्या शटर उघडून गिऱ्हाइकाला काही "चांगलं आहे" म्हणणार असाल, तर तेवढं बोलण्याआधी पुन्हा एकदा त्यांना आठवा. एवढं माझ्यासाठी करा.