बीबी हन्नासाठी दोन साक्षीदार

इराणातल्या दरेसफीद गावात आता ज्यू म्हणून हशमत एकटाच उरला होता. बायको तूरान वारून सहा वर्षं झाली, मुली परदेशी. बीबी हन्ना या ज्यू संत स्त्रीच्या कबरीची किल्ली पाच पिढ्या त्याच्या घरात होती. दर शुक्रवारी दुपारी तो कुलूप काढी, विटांच्या घुमटाखाली झाडलोट करी आणि आठवेल तेवढी प्रार्थना म्हणे.

त्या वसंतात गावात वाद पेटला. काही म्हणाले, ज्यूंची कबर सरकारी वारशाच्या यादीत हवीच कशाला? काही म्हणाले, ही बीबी मुळात मुसलमानांचीच. दोन्हीकडून अर्ज गेले. मग वारसा कार्यालयातून हशमतला पत्र आलं : इथे अजून प्रार्थना होते असं सांगणारे, ज्यू समाजाचे दोन साक्षीदार आणा.

एक तो स्वतः. दुसरा आणायचा कुठून?

आठ तास बसमध्ये बसून तो तेहरानला याकूबकडे गेला. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. याकूबनं मिठी मारली, आग्रह करकरून जेवू घातलं. पण कागद पुढे येताच त्याचा चेहरा उतरला.

"अरे, तोंडी हवं ते विचार. पण कागदावर नाव? नातू नुकता नोकरीला लागलाय."

"तुझ्या आईनं तुझ्यासाठी नवस तिथेच केला होता ना?"

"केला होता. म्हणून तर लाज वाटते." याकूबनं कागदाची घडी घालून परत दिला. "तू असं कर, तिकडचं सगळं विकून इथे ये. मागची खोली रिकामीच आहे. दोघं भांडत बसू."

हशमत एकटाच परतला.

सुनावणीला शेजारची मासूमाबाई न बोलावता आली. "लिहा साहेब, चाळीस वर्षं मी तिथे मेणबत्ती लावतेय. ज्यूंची कबर हे ठाऊक असून लावतेय!"

अधिकारी वयानं लहान, वागायला सभ्य. "खाला, तुम्ही त्या समाजाच्या नाही. तुमची साक्ष चालणार नाही."

"मग त्यांच्यातलं माणूस काय मी तंदूरमध्ये भाजून आणू?"

त्यालाही हसू आलं. पण तिला बाहेर बसवून तो हशमतला हळूच म्हणाला, "आगा, एक वाट आहे. 'विटांची जुनी समाधी' एवढंच लिहू. यादीत राहील, डागडुजीही होईल. नाहीतर यंदाच्या बर्फात घुमट टिकत नाही, तुम्हीही जाणता."

"आणि आत कोण आहे?"

"तो रकाना कोरा सोडू."

हशमतनं त्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग त्यानं सही केली.

शरदात गवंडी आले, तडे बुजवून गेले. दारावर नवी पाटी लागली : 'विटांची जुनी समाधी'. मासूमाबाईनं ती वाचली. घरून गरम सुपाचं पातेलं आणून हशमतच्या ओट्यावर ठेवून गेली.

चार दिवसांनी याकूबचा फोन आला. "वाचवलास म्हणे घुमट! एकट्यानं! इथे सगळ्यांना सांगितलं मी. कसं जमवलंस रे?"

"जमलं."

"पाटीवर बीबीचं नाव हिब्रूतही आहे ना?"

"आवाज तुटतोय, याकूब," म्हणून हशमतनं फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

त्या शुक्रवारी प्रार्थनेत त्यानं बीबी हन्नाचं नाव नेहमीपेक्षा मोठ्यानं घेतलं. ऐकायला कोणी नव्हतं.