साहेबांच्या घरचं वाण

ज्या नातीला "पाणी दे गं" म्हटलं तरी ती जर्मनमधून उत्तर देते, ती सोमवारपासून चक्क मराठीत बोलायला लागली, तेव्हाच शोभनाताईंच्या मनात पाल चुकचुकली.

सोमवारी कौमुदीने आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली. मंगळवारी तिला आजीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते. बुधवारी खरा प्रश्न आला. शोभनाताई शेपू निवडत बसल्या होत्या. हॅम्बर्गमध्ये मेथी मिळायची मारामार, पण शेपू जिथे जाल तिथे. कौमुदी समोर येऊन बसली, दोन काड्या उचलून तिनेही निवडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आल्झो, म्हणजे, आजी, आबा जज होते ना, तेव्हा लोक घरी काही आणून द्यायचे का?"

"कोणाची टाप होती?" शोभनाताई म्हणाल्या. "आणि हे तुला कशाला हवंय?"

"माझ्या न्यायाधीशासाठी."

कौमुदीचा न्यायाधीश हा घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. चारशे वर्षांपूर्वीचा, उत्तर इंग्लंडातला, रॉबर्ट हेसल्विक नावाचा. युनिव्हर्सिटीत ती त्याच्यावर प्रबंध लिहीत होती. चौदा वर्षं तो घोड्यावरून गावोगाव फिरून न्याय करत होता आणि लंडनला बढती मिळेल म्हणून वाट बघत होता. ती कधी मिळालीच नाही. इतकं शोभनाताईंना माहीत होतं. पुढचं कौमुदीने त्या दिवशी सांगितलं.

"त्याच्याविरुद्ध लंडनला एक अर्ज गेला होता. खाली सही नाही. त्यात लिहिलंय की नवीन वर्षाच्या भेटी देतात, त्या दिवशी एका माणसाच्या बायकोने जजच्या बायकोला चांदीचा पेला दिला. त्या माणसाची केस त्याच्याच कोर्टात होती. आणि तो जिंकला."

शोभनाताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मग?"

"मग काही नाही. चौकशी झाली, काही सापडलं नाही. पण बढती गेली. आता मला ठरवायचंय की त्याला माहीत होतं की नव्हतं."

त्या रात्री शोभनाताईंनी बराच विचार केला आणि एका निष्कर्षावर आल्या. असा कोणी इंग्रज न्यायाधीश नव्हताच. पोरीने तो रचला होता. कुठून तरी तिला सगळं कळलं होतं आणि आता ती आजीला बोलतं करायला बघत होती.

कारण गोष्ट त्यांचीच होती. पेल्याच्या जागी करंडा घातला की झालं.

छत्तीस वर्षांपूर्वी पद्माकरराव मराठवाड्यातल्या एका लहान जिल्ह्याच्या गावी जिल्हा न्यायाधीश होते. शिस्त अशी की, गावात कोणाकडे जायचं नाही, यायचं नाही. वकिलांच्या बायकांशी देवळात बोलणं झालं तरी संध्याकाळी विचारणा व्हायची. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवा बंगला, आणि त्या बंगल्यात शोभनाताई एकट्या. हळदीकुंकू तर वर्ज्यच. "वाण म्हणून आज वाटी येईल, उद्या गाय येईल," पद्माकरराव म्हणायचे.

त्या वर्षी संक्रांतीला साहेब मुंबईला गेले होते. दुपारी जिनिंगवाल्यांच्या अरुंधतीबाईंचं बोलावणं आलं. पलीकडच्या गल्लीत बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. शोभनाताई काळी चंद्रकळा नेसल्या आणि गेल्या. दोन तास बसल्या, उखाणा घेतला, इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. निघताना सगळ्यांना स्टीलच्या वाट्या मिळाल्या. त्यांना मात्र कागदात गुंडाळलेलं काहीतरी मिळालं. घरी येऊन उघडलं तर चांदीचा कुंकवाचा करंडा.

परत करावा, तर गेल्याचं सांगावं लागलं असतं. ठेवावा, तर कोणाच्या नजरेस पडण्याची भीती. त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि पुढच्या बदलीच्या गावी देवीच्या पेटीत टाकून मोकळ्या झाल्या. पण त्याआधीच साहेबांच्या कोर्टातला जिनिंगवाल्यांच्या जागेचा दावा त्यांच्या बाजूने सुटला होता आणि वर निनावी अर्ज गेला होता: साहेबांच्या घरी चांदी पोचली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर पद्माकररावांनी ताठ मानेने सांगितलं, "माझ्या घरात परक्याची सुपारीसुद्धा नाही. कपाटं उघडून बघा." शोभनाताई दाराआड उभ्या होत्या. अधिकाऱ्याने कपाटं बघितली. ट्रंक नाही बघितली.

हायकोर्टासाठी पद्माकररावांचं नाव पुढे कधी गेलं नाही. त्यांनी अर्ज लिहिणारा मनातल्या मनात नक्की केला: कोर्टाच्या कचेरीतला शिरस्तेदार वासुदेव कापसे. रजा नाकारल्याचा राग त्याला होता, टाइपरायटर त्याच्या हाताखाली होता. कापश्यांच्या गोपनीय अहवालात साहेबांनी शेरा मारला, "विश्वासार्ह नाही." त्या दोन शब्दांनी तो माणूस पुढची पायरी न चढता निवृत्त झाला. घरात त्याचा विषय निघाला की पद्माकरराव म्हणायचे, "खोटारडा!" आणि शोभनाताई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी कौमुदीला गाठलं. "तुझा तो न्यायाधीश दाखव बघू मला."

कौमुदीने लॅपटॉप उघडला. पिवळट कागदावर मुंग्या चालत गेल्यासारखी अक्षरं. शोभनाताईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे इंग्रजी आहे?"

"हो. जुनं."

"कोणालाही काढता येईल असं."

कौमुदी हसायला लागली. "आजी! मी कशाला काढू?"

"ते तूच सांग. आणि सोमवारपासून मराठी का चाललंय?"

"कारण जर्मनमध्ये विचारलं की तू 'हो' म्हणतेस आणि किचनमध्ये जातेस." मग ती म्हणाली, "या सगळ्या कागदांत त्या जजच्या बायकोचं नावसुद्धा नाही. नुसतं 'त्याची बायको'. तिचं कोणी ऐकलंच नाही. मी जजच्या बायकोबरोबर एका घरात राहते, तर म्हटलं विचारावं."

उत्तर सरळ होतं. शोभनाताईंना ते फारच सरळ वाटलं.

रविवारी सकाळी मुलगा आणि सून बाहेर गेले होते. बाहेर पावसाची नेहमीची भुरभुर. जेवणाच्या टेबलाशी कौमुदीने आपला न्यायाधीश आजोबांपुढे ठेवला. चौऱ्याऐंशी वर्षांचे पद्माकरराव खुर्चीत सरळ झाले. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी त्यांच्यासमोर केस आणली होती.

"पेला घरात आला?"

"अर्ज म्हणतो, आला."

"मग संपलं. त्याला माहीत होतं."

"पण आबा, बायकोने सांगितलंच नसेल तर?"

"नवऱ्याला माहीत नाही असं घरात काही नसतं. बायकोने घेतलं म्हणजे त्यानेच घेतलं. लिहून टाक, लाचखोर होता."

"गेनाऊ, अगदी बरोबर, माझे प्रोफेसरही हेच म्हणतात." कौमुदीने पेन उचललं. "तसंच लिहिते."

"नको लिहू," शोभनाताई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. शोभनाताईंना स्वतःचंच नवल वाटलं. पण आता तोंड उघडलंच होतं.

"त्याला माहीत नव्हतं. अहो, तुम्हाला तरी कुठे होतं?"

आणि त्यांनी सांगितलं. मुंबई, अरुंधतीबाई, उखाणा, करंडा, ट्रंक. सांगताना त्या पद्माकररावांकडे न बघता टेबलावरच्या पोळीच्या डब्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अर्ज कापश्यांनी केला की आणखी कोणी, ते देव जाणे. पण ज्याने केला तो खोटं बोलला नाही. खोटं या घरातून गेलं."

पद्माकररावांनी घसा साफ केला.

"साक्षीदार नातीच्या बाजूची आहे," ते म्हणाले. "तिचा प्रबंध सावरायला सांगतेय."

"अहो!"

"करंडा कुठे आहे?"

"सांगितलं ना, देवीच्या पेटीत."

"म्हणजे पुरावा नाही. कोणी पाहिलं?"

"पुडकं हातात घेताना गावातल्या चाळीस बायकांनी."

"उखाणा कोणता घेतलास?"

शोभनाताईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "काळ्या कोटाचा न्याय कडक, दुरून वाटे भीती, पद्माकररावांचं नाव घेते, आज संक्रांतीची तिथी."

कौमुदीने तोंडावर हात धरला. पद्माकरराव हसले नाहीत. त्यांचा उजवा हात टेबलावर होता, तो हळूहळू मिटला. छत्तीस वर्षं ते एकाच माणसाकडे बोट दाखवत आले होते.

"मी कपाटं उघडायला लावली," ते म्हणाले. "तू दाराआड होतीस, मला दिसत होतीस. तुला विचारायचं माझ्या मनात आलं नाही."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं की नाही, ते मलाही माहीत नाही."

"आबा," कौमुदी हळूच म्हणाली, "मग मी काय लिहू?"

"माहीत नव्हतं असं लिहू नकोस. त्याने विचारलं नाही, एवढंच लिही. सिद्ध होतं तेवढंच लिहावं." मग ते शोभनाताईंकडे वळले. "कापसे आहे का अजून?"

"आहेत. लातूरला मुलाकडे."

"नंबर मिळेल कोणाकडून?"

"माझ्याकडे आहे."

पद्माकररावांच्या भुवया वर गेल्या. हा चेहरा शोभनाताईंच्या ओळखीचा होता. देवळातून यायला उशीर झाला की हाच व्हायचा. "तुझ्याकडे कसा?"

"दर संक्रांतीला त्यांच्या बायकोला फोन करते."

"काय सांगतेस?"

"काही नाही. तिळगूळ घ्या म्हणते. पुढचं कधी तोंडातून निघालं नाही."

ते त्यांच्याकडे बघत राहिले. अजून काय काय आहे, असा प्रश्न त्या नजरेत स्पष्ट होता, आणि शोभनाताईंनी या वेळी नजर खाली घातली नाही.

"लाव," ते म्हणाले.

शोभनाताईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला; तो बराच वेळ वाजत राहिला. तिकडे दुपारची झोपायची वेळ. शेवटी एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला. पद्माकररावांनी फोन हातात घेतला, आपलं पूर्ण नाव सांगितलं. शोभनाताईंना वाटलं, ठेवला वाटतं.

"कशासाठी फोन केलात, साहेब?" वासुदेव कापश्यांनी विचारलं. आवाज सावध होता, एकेक शब्द तपासून बाहेर सोडल्यासारखा. "आता आणखी काय राहिलंय?"

"माझं चुकलं, हे सांगायचं राहिलंय, कापसे," पद्माकरराव म्हणाले. "पण आधी तुमचं म्हणणं ऐकतो. ते तेव्हा ऐकलं नव्हतं. तुम्ही बोला."